साडेचार सुती सळई

भूपाल मगदूम यांना मोटार चालवता येत नव्हती. हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्यांच्याविरुद्ध बोलणारा प्रत्येकजण सुरुवात इथूनच करी. "ज्याला गियर टाकता येत न्हाय, त्यो आम्हाला गाडी कशी वळती ते शिकवणार?" हे वाक्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात बातम्यांसाठी फिरताना मी निदान चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. मगदूम ते नाकारत नसत. "न्हाईच येत," म्हणत. "नाल मारणारा काय घोड्यावर बसून नाल मारतोय व्हय?" आणि सायकलवर टांग मारून निघून जात.

एक लेथचे दुकान आणि एक फौंड्री यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे काम चाले. काम पाट्यांचे. ट्रक, जीप, उसाच्या ट्रॉल्या यांच्या खाली, चाकांच्या वर, पोलादी पट्ट्यांची जी चळत असते, ते पाटे. ते मोडतात, बसतात, बाक सोडून सरळ होतात. मगदूम ते भट्टीत लाल करून पुन्हा बाक देत आणि तेलात बुडवून त्यांना पाणी देत, म्हणजे पोलादाचा गेलेला लवचिकपणा परत आणत. एकोणीसशे साठनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासून ते हेच करत होते. दारावर पाटी नव्हती. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर काळी पडलेली पांढरी टोपी, आणि भुवया भट्टीने इतक्या वेळा होरपळलेल्या की त्या आहेत की नाहीत हे जवळून पाहावे लागे.

घर मूळचे कागलजवळच्या एका खेड्यातले. जैन, शेतकरी. दोन भाऊ शेतीत राहिले. हे एकटे भट्टीकडे आले. आईला ते अव्वा म्हणत. अव्वांना हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही, कारण भट्टीत किडामुंगी जळते. मगदुमांनी त्यावर काढलेला तोडगा असा होता: रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी कोळशाचा प्रत्येक मोठा तुकडा उचलायचा, जमिनीवर दोनदा आपटायचा आणि उलटसुलट करून बघायचा. याला पाऊण तास लागे. बाहेर ट्रकवाले खोळंबलेले असत.

"अण्णा, मुंग्या मोजून घेताय काय?" एकाने विचारले.

"मोजल्या असत्या," मगदूम म्हणाले, "पर त्या उभ्या ऱ्हात न्हाईत."

मोजण्याचे त्यांना वेड होते, आणि त्यांच्या साऱ्या कटकटींचे मूळ तेच होते. "गाडी लई झुलतीया" असे कोणी म्हणाले की ते हातातले काम थांबवून विचारत, "लई म्हंजे किती?" गिऱ्हाईक गडबडे. किती म्हणजे काय, लई म्हणजे लई. मग मगदूम गाडीच्या चारी कोपऱ्यांवर आळीपाळीने आपला भार टाकत, सोडत, आणि ती किती वेळा वरखाली होऊन थांबते ते मोजून भिंतीवर खडूने लिहीत. घरीही तेच. एकदा मी जेवायला होतो. त्यांच्या पत्नी रत्नाक्का म्हणाल्या, आमटीत मीठ जरा जास्त पडलंय. मगदुमांनी मान वर केली. "जास्त म्हंजे किती?"

"तुमच्या तोंडाएवढं," रत्नाक्का म्हणाल्या, आणि वाढत राहिल्या.

कोल्हापुरात वजनावर विश्वास आहे. इथे इंजिने बनतात, पंप बनतात, नांगर बनतात. आणि गिऱ्हाईक वस्तू आधी हातात घेऊन तोलते, मग ती कशासाठी आहे ते विचारते. गाड्यांच्या बाबतीत हा विश्वास तीन शब्दांत सांगितला जाई: एक पाटा जादा. नवा ट्रक आला की रस्त्यावर जायच्या आधी पाटेवाल्याकडे येई, आणि कारखान्याने घातलेल्या पाट्यांवर एक वाढवून घेई. उसाच्या हंगामाआधी दोन. बाकीचे पाटेवाले मुकाट्याने वाढवून देत. मगदूम विचारत, का?

एका ऊस वाहतूकदाराशी झालेले बोलणे माझ्यासमोरचे आहे.

"दोन वाढवा."

"का?"

"मोडत्यात."

"वाढवल्यावर मोडायचं थांबंल. पर खड्ड्याचा दणका मग कुठं जाईल?"

"जाईल की कुठं बी!"

"कुठं बी जात न्हाय. वर जातोय. चेसी चिरंल तुमची."

"अण्णा, पाटं वाढवताय का भविष्य सांगालायसा?"

तो मनुष्य पलीकडच्या दुकानात गेला आणि तिथून तीन पाटे वाढवून घेऊन गेला. हंगाम संपायच्या आत परत आला. चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोटभर चीर होती. मगदूम गाडीखाली उकिडवे बसले आणि त्याला म्हणाले, "पाटं मोजा."

"आता मोजून काय करायचं, अण्णा?"

"मोजा की. मोठ्यानं."

त्याने मोजले. अकरा भरले. "कंपनीचे किती व्हते?" "आठ." मग चेसी जोडून देण्याची व्यवस्था मगदुमांनी केली, आठ पाटे नीट बसवून दिले. काम उत्तम झाले आणि तो मनुष्य पुन्हा कधी आला नाही. चूक मोठ्याने मोजायला लावणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येत नाही, हे रत्नाक्कांना कळत होते. त्यांनी ते नवऱ्याला अनेकदा सांगितले होते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला शहरात नवी छोटी मोटार दिसू लागली. आजवरच्या गाड्यांना मागची चाके ढकलत. हिला पुढची ओढत. इंजिनही पुढेच, आडवे. गाडी हलकी, चपळ, पेट्रोलला कमी. सगळ्यांना हवी होती. मागच्या बाजूला मात्र साधे पाटे होते, म्हणून तक्रार आली की लोक सवयीने पाटेवाल्याकडे येत. तक्रार एकच: वळणावर झुलते. मागणीही एकच: एक पाटा जादा.

मंगळवार पेठेत दवाखाना असलेल्या डॉ. मालती सबनीस मात्र वेगळे वाक्य घेऊन आल्या. त्या दर बुधवारी नेसरीला जाऊन रुग्ण तपासत. स्वतः गाडी चालवत, एकट्या. एका बुधवारी ओल्या वळणावर त्यांची गाडी रस्ता सोडून बांधापर्यंत गेली होती. घरचे म्हणत होते, एक तर ड्रायव्हर ठेव, नाही तर नेसरी सोड. त्या दोन्हीला तयार नव्हत्या.

"अण्णा, गाडी वळणावर सरळ जाते," त्या म्हणाल्या.

"वळतच न्हाय?"

"वळते. पण मी वळवते तेवढी नाही."

मगदुमांनी हातोडा खाली ठेवला. "हे बरं सांगितलंसा, डाक्टरीणबाई. बाकीचे नुसतंच झुलतीया म्हणत्यात."

त्यांचे निदान मी तेव्हाच वहीत उतरवून घेतले होते. "पुढच्या चाकांनी गाडी ओढायची पण, आणि वळवायची पण. दोन बैलांचं काम एकाला. वर इंजनाचा बोजा त्येच्याच मानंवर. वळणावर बाहेरचं पुढचं चाक दमतंय आणि घसरतंय. म्हणून गाडीचं नाक बाहेर जातंय. झुलणं हे नुसतं दिसणं हाय. रोग नाकाचा हाय."

या गाडीला पुढच्या बाजूला कारखान्यानेच एक वाकवलेली सळई दिलेली होती. तिची दोन टोके दोन चाकांच्या जोडणीला बांधलेली असतात. गाडी एका अंगाला कलली की सळई पिळली जाते, आणि पिळायला विरोध करत कलणे थोपवते. मागे अशी सळई नव्हती. गावातले एकदोन मेकॅनिक पुढची सळई जाड करून देऊ लागले होते, कारण झुलते ते पुढून दिसते आणि इंजिन पुढे असते. मगदूम म्हणत, हा दमलेल्या बैलावर आणखी एक पोते टाकण्याचा प्रकार आहे. सळई मागे हवी. मागचा भाग थोडा आडमुठा झाला की पुढच्या चाकांना सवड मिळते. आडमुठी हा सळईच्या ताकदीसाठी त्यांचा शब्द होता.

थोडा म्हणजे किती, हा प्रश्न होता, आणि तो या वेळी त्यांनी स्वतःला विचारला होता. त्यासाठी त्यांनी जे केले ते शहरात आधी कोणी केलेले मला माहीत नाही. गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात खुंटी ठोकून, तिला पन्नास फुटांची दोरी बांधून त्यांनी चुन्याच्या फक्कीने एक मोठे वर्तुळ आखले. डॉक्टरांनी स्टीअरिंग एका जागी धरून वर्तुळावर गाडी फिरवायची, वेग हळूहळू वाढवायचा. पस्तीसवर काटा आला की गाडी रेषेबाहेर किती गेली ते मगदूम टेपने मोजणार. ते मध्यभागी खुंटीजवळ उभे राहत आणि गाडीबरोबर स्वतः गोल फिरत. बघायला माणसे जमली. "अण्णा, मळणी काढताय काय?" कोणी तरी ओरडले.

सळईशिवाय गाडी सात फूट बाहेर गेली. मागे चार सुती सळई लावली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा फूट. पाच सुती लावली तर नाक रेषेवर राहिले, पण डॉक्टरांनी पेट्रोलवरचा पाय उचलताच गाडीचे शेपूट बाहेर झुकले. मगदुमांनी हात वर करून गाडी थांबवली. पाच सुती सळई काढली, शेजारच्या लेथवर घासून साडेचार सुतांवर आणली, पुन्हा पाणी दिले. यात एक आठवडा गेला. पुढच्या खेपेला गाडी दोन फूट बाहेर गेली आणि पाय उचलल्यावरही शहाण्यासारखी चालत राहिली.

"आनखी एक फेरी," मगदूम म्हणाले.

"अण्णा, अकरा झाल्या. मला चक्कर येतेय."

"औषध तुमच्यापाशीच हाय की. मारा."

त्या दिवसाच्या शेवटच्या मोजणीनंतर त्यांनी आकाशाकडे पाहिले, टेप गुंडाळला आणि मैदानातच डबा उघडला. दिवस मावळल्यावर ते जेवत नसत. डॉक्टर गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. मगदूम भाकरी खात होते आणि दुसऱ्या हाताने फक्कीत आकडे लिहीत होते. इतके समाधानी मी त्यांना आधी पाहिले नव्हते. नंतरही नाही.

डॉक्टरांची गाडी नेसरीला जात राहिली. आठवड्याभरात शेडपुढे सात-आठ छोट्या गाड्या उभ्या राहू लागल्या. आणि मग शामराव इंगवले आले.

इंगवल्यांचा सुट्या भागांचा कारखाना होता. मनुष्य गोड, उत्साही, धंद्यात चोख. त्यांनी मगदुमांना सांगितले की एकेक सळई घासत बसलात तर जन्म जाईल. कारखाना माझा, नाव तुमचे. 'मगदूम सळई' अशा नावानेच विकू. मगदुमांनी एकच अट घातली. जाडी साडेचार सूत, आणि बसवायची फक्त मागे. अटीच्या जोडीला त्यांनी एक पोलादी पट्टी करून दिली. तिला साडेचार सुतांची खाच होती. या खाचेत जी सळई शिरणार नाही, ती कारखान्याच्या बाहेर जायची नाही. इंगवल्यांनी पट्टी कपाळाला लावली.

चार महिन्यांनी मगदूम सहज कारखान्यात गेले. सळया रचून ठेवल्या होत्या. एक उचलली आणि त्यांच्या हाताला कळले. त्यांनी पट्टी मागवली. कामगाराने तत्परतेने आणून दिली आणि सळई खाचेत घालून दाखवली. अगदी बरोबर बसली. मगदुमांनी पट्टी उजेडाकडे धरली. खाच कानशीने घासून सहा सुतांची केलेली होती.

हा प्रसंग मला त्यांनी आणि इंगवल्यांनी, दोघांनीही सांगितला, आणि दोघांच्या सांगण्यात तपशिलाचा फरक नाही. इंगवल्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते.

"अण्णा, सहा सुती माल बाजारात तयार मिळतो. तो घासून साडेचार करायचा म्हंजे चांगलं पोलाद भुशात घालायचं. आणि गिऱ्हाईक हातात घेऊन बघतंय हो! साडेचार सुती बघितली की म्हणतंय, ही काय सळई, ही तर पडद्याची दांडी."

"म्हणून दीड सूत वाढवलासा?"

"दीडच सूत!"

मगदुमांनी त्यांना शेडमध्ये आणले. सळईचे एक टोक बाकावर आवळले, दुसऱ्या टोकाला दोन फुटी दांडा लावला आणि दांड्याला वाण्याकडची वजने टांगली. साडेचार सुती किती पिळते, त्याची रेघ भिंतीवर मारली. मग सहा सुती लावून तेवढीच वजने टांगली. रेघ तिसऱ्या हिश्श्यालाही पोचली नाही. "जाडी दुप्पट केली तर सळई दुप्पट न्हाय, सोळापट आडमुठी हुती," मगदूम म्हणाले. "तुमच्या दीड सुतानं तिप्पट झालीया. वळणावर मागचं आतलं चाक उचलंल. पावसात कुणी घाबरून पाय काढला की शेपूट पुढं यील."

इंगवल्यांनी रेघा लक्षपूर्वक पाहिल्या. "तिप्पट मजबूत," ते म्हणाले. "व्वा, अण्णा." पुढच्या महिन्यात हे दोन शब्द त्यांच्या जाहिरातीत होते.

मगदुमांनी आपले नाव काढून टाकायला सांगितले. इंगवले दुखावले. नावावरच तर खपते, म्हणाले. मगदूम वकिलाकडे गेले. करार तोंडी होता. त्यांनी गॅरेजवाल्यांना भेटून सांगितले. गॅरेजवाल्यांनी चहा पाजला आणि सळया विकत राहिले. काही जण ती पुढेही बसवून देऊ लागले होते. डॉक्टर सबनीसांनी ओळखीच्या गाडीवाल्यांना बजावले. एकाने त्यांना उलट विचारले, "तुमच्या गाडीला बारीक बसवली, म्हणून आम्हीपण बारीकच बसवायची व्हय?"

पावसाळ्यात कागलच्या एका खत व्यापाऱ्याची गाडी हमरस्त्यावर गरकन फिरली. रस्ता ओला होता, वळणावर सायकलवाला आडवा आला, व्यापाऱ्याने पाय उचलला. गाडी शेपटाकडून फिरून उसात गेली आणि जिकडून आली तिकडे तोंड करून थांबली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचा हात दोन ठिकाणी मोडला. बातमी मी दिली. सहा ओळींची होती, आणि त्यात 'मगदूम सळई बसवलेली मोटार' असे शब्द होते. सळई त्याच नावाने विकली जात होती. शब्द चुकीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मगदूम कागलला जाऊन आले. त्या बाईंना इस्पितळात भेटले. व्यापाऱ्याने सळई काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घिऊन जावा ह्यो धोंडा." ती गोणपाटात गुंडाळून मगदूम तसेच आमच्या कचेरीत आले. संपादकांच्या टेबलावर सळई ठेवली, शेजारी मोजायचे कॅलिपर ठेवले.

"मोजा," म्हणाले.

"मगदूम, ही वर्तमानपत्राची कचेरी आहे," संपादक म्हणाले.

"व्हय. म्हणूनच आलोय. वर्कशॉपात मोजून झालंय सगळ्यांचं."

मी मोजली. सहा सूत. रंगाचा थर धरून केसभर जास्त.

"छापू," संपादक म्हणाले. "पण इंगवल्यांचं म्हणणं घ्यायला हवं."

"जाडीवर काय म्हणणं घेनार त्यांचं?"

ते घेतले गेले. इंगवल्यांनी लेखी निवेदन दिले: ग्राहकांच्या आग्रहावरून सळई अधिक मजबूत करण्यात आली असून, श्री. मगदूम हे पाट्यांचे जाणकार असले तरी त्यांना मोटार चालवता येत नाही. दोन्ही बाजू एकाखाली एक छापल्या. मथळा मी दिला. 'सळईच्या जाडीबाबत मतभेद'.

मगदूम अंक घेऊन आले तेव्हा संपादक जागेवर नव्हते. ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"मतभेद म्हंजे काय?"

"दोघांची मतं वेगळी आहेत, असं."

"ह्यात माझं मत काय हाय?"

"सळई साडेचार सूत असावी."

"त्यांचं?"

"सहा."

"आणि ती हाय किती?"

"सहा."

"कारखान्यात ठरली व्हती किती?"

"साडेचार."

"मग ह्यात मत कुठाय?"

मी त्यांना सांगितले की दोन्ही बाजू द्यायच्या ही आमची पद्धत आहे. त्यांनी अंकाची नीट घडी केली. "लेथवर एक बाजू चुकली तर आम्ही तुकडा टाकून देतोय," ते म्हणाले. "तुम्ही दोन्ही छापताय." आवाज चढलेला नव्हता. जाताना त्यांनी सळई उचलली, पण कॅलिपर टेबलावरच राहिले. दोन दिवसांनी मी ते शेडमध्ये नेऊन दिले. तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेतले आणि खिळ्याला अडकवले.

डॉक्टर सबनीसांनी पत्र लिहिले. त्यात वर्तुळाची सारी मोजमापे होती. पत्र छापले, पण जागेअभावी मोजमापे गाळली गेली. राहिले ते एवढेच, की मगदूम हे सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांच्याविषयी गैरसमज नसावा. मगदुमांनी हे कात्रण रत्नाक्कांना वाचून दाखवले. रत्नाक्का म्हणाल्या, "सज्जन म्हंजे किती, ते बी लिवायला पायजे व्हतं." ते हसले नाहीत, असे रत्नाक्कांनीच मला सांगितले.

त्या बातमीनंतर सळईचा खप वाढला. 'अधिक मजबूत' एवढे लोकांनी वाचले असावे.

मगदुमांनी पाट्यांचे काम निम्म्यावर आणले आणि रविवारी सकाळी ते कागल रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर जाऊन उभे राहू लागले. सायकलच्या कॅरियरला जॅक, पिशवीत पाने. छोटी गाडी पेट्रोलला थांबली की वाकून तिच्या मागच्या बाजूखाली बघत. सहा सुती दिसली की मालकाला सांगत, ही काढून टाका, मी काढून देतो, पैसे नकोत. साडेचार सुती पाहिजे असेल तर माझ्याकडे या. आपले नाव ते सांगत नसत. सांगितले की लोक म्हणत, अहो, तुमचीच तर आहे! बहुतेक जण नाही म्हणत. एवढी भारी वस्तू काढून टाकायची कशी, हा त्यांचा प्रश्न असे. काही जण त्यांना दुसऱ्या कारखान्याचा विक्रेता समजत. पंपाच्या मालकाने दोनदा हटकले. रत्नाक्का मला म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा. ह्यांच्या अंगाला आता उन्हात उभं ऱ्हायचं सोसत न्हाय." मी सांगितले नाही. माझे ऐकून घ्यावे असे त्यांना वाटण्याचे काही कारण मी शिल्लक ठेवले नव्हते.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. जाण्याच्या आदल्या रविवारी मी एका कामासाठी कागलला निघालो होतो. पंपाशेजारी निंबाऱ्याच्या झाडाच्या सावलीत एक पांढरी छोटी गाडी मागून उचललेली दिसली. मी उतरलो. गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर होते, धुळीने भरलेले, टाचा भेगाळलेल्या. टोपी बाजूला पिशवीवर ठेवली होती. म्हणजे आज एकाने तरी ऐकले होते.

गाडीचा मालक तिशीचा तरुण होता. इचलकरंजीकडचा असावा. तो कमरेवर हात ठेवून उभा होता. खालून नट सुटल्याचा आवाज आला, आणि सळईचे सुटलेले टोक हळूहळू सरकत बाहेर आले. तरुणाने ते धरले. एका हातात तोलले, मग दुसऱ्या.

"पावणं," तो वाकून गाडीखाली म्हणाला, "सात सुती मिळंल काय?"

गाडीखालून एक तेलकट हात बाहेर आला, पंजा उघडा.

"चौदाचा पाना द्या," मगदूम म्हणाले. "दुसरा नट ऱ्हायलाय."